खाऱ्या पाण्याचा उपाय

ट्रॉम्बे, १६ नोव्हेंबर २०२५

छापील पत्र पाठवायला तू काय बँक आहेस? काल तुझ्या बहिणीने, दिपालीने, तुझं पत्र आणून हातात दिलं, तर सगळी अक्षरं एका मापाची. असं कोणी पण लिहितं. तू लिहिलंस की तुझ्या मुकादमाने, मला काय कळणार?

जाताना काय ठरलं होतं? फोनवर मला ऐकू येत नाय, कानातलं मशीन शिट्ट्या मारतं. म्हणून तू दर पंधरा दिवसांनी कागदावर हाताने लिहायचं आणि फोटो दिपालीला पाठवायचा. ती चेंबूरला लॅबमध्ये कामाला जाते तेव्हा झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणते. माझा कागद ती फोटो काढून तुला पाठवते. सोपं आहे. चौथी शिकलेली बाई पेन धरते आणि बारावी पास नातू काचेवर टिचक्या मारतो.

कृणाल, आता आशीर्वाद घे.

इथे सगळं जागेवर आहे. तुझा बाप होडी घेऊन गेला की चार दिवस येत नाय, आला की दोन दिवस झोपतो. खाडीत मासळी कमी, प्लास्टिक जास्त. मी अजून भाऊच्या धक्क्यावरून माल आणते आणि चेंबूरच्या बाजारात बसते. गुडघे बोंबलतात, त्यांना बोंबलू दे.

लोक विचारतात, नातू रशियात काय करतो. मी सांगते, मला माहीत नाय. खरंच माहीत नाय. तीन पत्रं झाली, हवापाणी लिहितोस, काम लिहीत नाहीस. "बर्फात हात घालून जन्म काढणार नाय" असं मला तोंडावर बोलून गेलास आणि जाऊन पोचलास तो मॉस्कोत. टीव्हीवर बघितलं मी. तुझं नशीब पण विनोदी आहे.

हाताने लिही. हात धड असला की अक्षर धड असतं, मला तेवढंच बघायचंय.

सोनूबाई


मॉस्को, २३ नोव्हेंबर

बय,

हे घे हाताने. छापील पाठवलं कारण पेनातली शाई गोठली होती. हसू नको, खरंच गोठली, जॅकेटच्या खिशात होतं.

आम्ही एका खोलीत सहा जण आहोत. माझ्या वरच्या खाटेवर घाटकोपरचा प्रबुद्ध आहे. चांगला आहे, फक्त झोपेत बोलतो. खोलीत खिडकीखाली लोखंडी नळ्या आहेत, त्यांतून गरम पाणी फिरतं. आत आम्ही बनियनवर बसतो आणि काचेच्या पलीकडे उणे सात. म्हणजे पाण्याचा बर्फ होतो त्याच्याही सात खाली. खिडकीला दोन काचा आहेत, मधल्या जागेत दूध ठेवतो. फ्रीज लागतच नाही.

बाहेर पडलं की आधी नाकातले केस कडक होतात. मग कान जातात. परवा टोपी खिशात ठेवून बसची वाट बघत होतो तर एक म्हातारी आली, तिने माझ्या खिशातून टोपी काढली, माझ्या डोक्यावर दाबली आणि बस येईपर्यंत मला शिव्या घातल्या. भाषा कळली नाही, पण सूर घरचा होता. बाजारात मासे बर्फाशिवाय ठेवतात. टोपलीत उभे, लाकडासारखे. गिऱ्हाईक एकावर एक आपटून बघतं. तू असतीस तर म्हातारीशी नाही, मासेवाल्याशी भांडली असतीस.

काम विचारलंस. एका मोठ्या दुकानाच्या गोदामात आहे. खोकी मोजायची, वहीत लिहायचं. आत गरम असतं. पप्पांना सांग, स्टोअरकीपर म्हणतात याला.

इथलं मीठ तेवढं वाईट. बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. दोन आठवड्यांत माझ्या हातमोज्यांची शिवण खाऊन टाकली आणि बूट पांढरे झाले. पहाटे पाचला निघावं लागतं म्हणून आता थांबतो.

तुझा कृणाल


ट्रॉम्बे, ३० नोव्हेंबर

खोकी मोजणाऱ्याच्या हातमोज्याला रस्त्यावरचं मीठ लागत नाय. बूट पांढरे झाले म्हण, चालत गेलास. हातमोज्यांची शिवण कशी गेली? चार पायांवर गेलास काय?

तू रस्ता साफ करतोस.

तुझ्या बापाच्या डोक्यात हे आलं नाय. भिकाजी तुझं पत्र घेऊन सगळी जेट्टी फिरला, पोरगा स्टोअरकीपर झाला म्हणून. त्याला मी अजून काय बोललेली नाय. तो एरवी खूश कुठे असतो?

रस्ता साफ करणं मासळी विकण्याच्या खाली नाय आणि वर पण नाय. पण खोटं सांगितलंस की मी इथून उपाय काय सांगणार? आत बसणाऱ्याला एक सांगायचं असतं, बाहेर उभ्या राहणाऱ्याला दुसरं. बर्फाचं मला तू शिकवू नकोस. चाळीस वर्षं हात त्यात आहेत माझे.

तर ऐक. बोटं आधी दुखतात. दुखतात तोवर चांगलं. मग दुखायची थांबतात आणि मेणबत्तीसारखी पांढरी दिसतात, तेव्हा घाबरायचं. शेगडीवर धरायची नाय, चोळायची नाय. माझ्या जावेने धरली होती शेगडीवर, फोड आले, नख गेलं ते परत आलं नाय.

धक्क्यावर आम्ही काय करतो तू लहानपणी बघितलंयस. बर्फाच्या चुऱ्यात हात घालून घालून बोटं मेली की बादली दोरीने खाली सोडायची, समुद्राचं पाणी ओढायचं, हात बुडवायचे. खारं पाणी ऊब देतं. दहा मिनिटांत बोटं जागी होतात. सासूने मला दाखवलं, मी तुला. तिथे समुद्र नसेल तर नसू दे, मीठ तर आहे ना मरणाचं. पाण्यात घालायचं आणि हात बुडवायचे. गोडं पाणी नको, खारंच.

हे विसरलास तर बोटं जातील. बोटं गेली की झाडू पण धरता येणार नाय आणि कोयता पण.

आता खरं लिही.

सोनूबाई


मॉस्को, १४ डिसेंबर

बय,

पकडलंस. आठ दिवस लिहायला बसलो आणि उठलो.

हो, रस्ताच. आम्ही वीस जण आहोत, नारिंगी जॅकेट. एजंटने गोदाम सांगितलं होतं, इथे आल्यावर फावडं दिलं. पहाटे पाचला निघायचं, लोक कामावर जायच्या आत पायवाट मोकळी करायची. बर्फ दोन प्रकारचा. रात्री पडलेला मऊ, तो पिठासारखा उडतो. आणि माणसांनी तुडवलेला, तो फरशी. त्याला आधी लोखंडी कांबीने फोडायचं मग उचलायचं. जिथे कांब चालत नाही तिथे मीठ. आपण साफ करून वळलो की मागे परत पडलेला असतो. प्रबुद्ध म्हणतो हे सरकारी काम आहे, कधी संपत नाही म्हणून नोकरी पक्की.

लोक वाईट नाहीत. समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई रोज थर्मासमधून चहा आणते. दूध नसतं त्यात. पितो.

पप्पांना सांगू नको. मी आलो की सांगीन. मागे मित्रांसमोर मोठ्या गप्पा मारून निघालो होतो, तू ऐकल्या आहेस. आता सहा महिने तरी काढले पाहिजेत, नाहीतर लोक नाक्यावर काय बोलतील.

हात ठीक आहेत. कधी कधी उजव्या हाताची बोटं बधीर होतात, कारण फावड्याची दांडी लोखंडाची आहे आणि त्याच हातमोज्याला भोक पडलंय. नवीन जोड महिनाअखेरीस मिळणार. तुझा उपाय लक्षात आहे. इथे तर सोयच आहे. रस्त्यावर शिंपडायला मिठाचं पाणी पिंपात भरून ठेवलेलं असतं, आमच्या गाडीवरच. बाजूला सगळं दगड होतं, बादली, नळ, थुंकी सुद्धा, पण ते पाणी कधी गोठत नाही. काल उणे बारा होतं तरी पातळ.

तुझा कृणाल


ट्रॉम्बे, २१ डिसेंबर

खरं लिहिलंस, बरं झालं. अक्षर सरळ आहे. बापाला सांगत नाय.

पिंप आहे तर चांगलंच. जिथे सगळं गोठतं आणि एक पाणी गोठत नाय, त्या पाण्यात ऊब असणार, नाहीतर ते पातळ कसं राहील? लाज न धरता हात घाल. मुकादम बोलला तर सांग, माझ्या बयने सांगितलंय.

इकडे पण थंडी आली म्हणतात. मला तर पंखा लावावा लागतो. पण दिपालीने सांगितलं, आरे कॉलनीत बारावर गेलं, आणि सगळ्या गावाने कपाटं उघडली. डांबरगोळ्यांचा वास सुटलाय गल्लीत. भिकाजी माकडटोपी घालून जाळं विणत बसतो, फक्त नाक दिसतं. मी बोलले, तुझ्या पोराकडे उणे बारा आहे. तर म्हणतो, तो आत असतो ना, स्टोअरमध्ये. मी गप्प बसले. तुझ्यामुळे मला या वयात गप्प बसावं लागतं, हे लक्षात ठेव.

थंडीत बाजारात गिऱ्हाईक उशिरा येतं आणि कोळंबी मागतं. बोंबील चांगले सुकतायत, वारा कोरडा आहे. तुला पाठवणार नाय. सहा जणांच्या खोलीत बंद खिडकीत शिजवशील आणि मार खाशील.

नवा हातमोजा मिळेपर्यंत भोकावर काहीतरी शिव. सुई चालवता येते तुला.

सोनूबाई


मॉस्को, ४ जानेवारी २०२६

बय,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. पत्राला उशीर झाला, सुट्ट्या होत्या. इथे नवीन वर्ष मोठं असतं, दहा दिवस सगळं बंद. चौकाचौकात दिवे लावले आहेत. लहान मुलं उतारावरून घसरत खाली येतात. थंडी वाढली आहे, पण सवय झाली. माझी तब्येत चांगली आहे. हात चांगले आहेत. काम चांगलं चाललं आहे. काळजी करू नये.

पप्पांना नमस्कार.

तुझा कृणाल


ट्रॉम्बे, ७ जानेवारी

प्रबुद्ध,

तुझं अक्षर सुंदर आहे. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला तुलाच उभा करत असतील. पण मी मागितलं होतं ते दुसऱ्याचं.

तू मला ओळखत नाहीस, मी तुला ओळखत नाय. एवढं माहीत आहे की तू घाटकोपरचा, कृणालच्या वरच्या खाटेवर झोपतोस आणि झोपेत बोलतोस. आता जागेपणी बोल.

त्या पत्रात सगळं चांगलं चांगलं लिहिलंय. कृणालने जन्मात एवढं चांगलं लिहिलेलं नाय. तो असता तर चहात दूध नाय म्हणून चार ओळी रडला असता. आणि माझ्या पोराने पेन का धरलं नाय हा एकच प्रश्न आहे. दिपालीला विचारलं, ती लॅबमधून आली ती सरळ बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली. म्हणजे तिला माहीत आहे.

त्याच्या हाताला काय झालं ते सांग. गोड करून सांगू नकोस. मी नवरा समुद्रात गेलेला ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मासळी विकली, तुझं ऐकून पडणार नाय. त्याने नको सांगितलं असेल तर त्याला हे दाखव आणि मग लिही. या पत्राचं उत्तर तुझ्याकडूनच पाहिजे.

सोनूबाई


मॉस्को, १० जानेवारी

आदरणीय सोनूबाई,

क्षमा करा. पत्र मीच लिहिलं होतं. कृणालला तुमचं पत्र दाखवलं, तो भिंतीकडे तोंड करून झोपला. नाही म्हणाला नाही, म्हणून लिहितो.

२९ डिसेंबरला सकाळी उणे अठरा होतं आणि वारा होता. आम्ही बस डेपोच्या मागची पायवाट फोडत होतो. सातच्या सुमारास कृणाल म्हणाला, उजवा हात गेला, काही कळत नाही. मी म्हटलं चल, समोरच्या दुकानात जाऊन उभे राहू. तो म्हणाला, थांब, मला उपाय माहीत आहे. हातमोजा काढला आणि गाडीवरच्या पिंपात मनगटापर्यंत हात घातला. मी विचारलं, अरे थंड नाही का? म्हणाला, काही लागत नाही, म्हणजे ऊब येतेय. दहा मिनिटं मोजून ठेवला. मोबाइलवर वेळ लावली होती.

बाहेर काढला तेव्हा चार बोटं पांढरी होती आणि वाजवली तर टकटक आवाज येत होता. मुकादम धावत आला, पिंपाकडे बघून डोक्याला हात लावला. ते पाणी हवेइतकंच थंड असतं म्हणे, मीठ त्याला फक्त गोठू देत नाही. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

दवाखान्यात नेलं. अंगठा आणि पहिलं बोट वाचलं. उरलेली तीन काळी पडली आहेत. डॉक्टर कापायची घाई करत नाहीत. म्हणतात, महिना दीड महिना थांबायचं, जेवढं जिवंत आहे ते आपोआप वेगळं दिसेल, मेलेलं तेवढंच काढू. दोन बोटांचे शेंडे जाणार हे नक्की. तिसऱ्याचं माहीत नाही. डावा हात पूर्ण चांगला आहे.

तो मला एकच सांगत होता. उपाय बयने सांगितला होता हे तिला आठवता कामा नये, तिला वाटू दे की हातमोजा फाटला म्हणून झालं. दिपालीताईंनाही त्याने तेच सांगायला लावलं. मी तुम्हाला सगळं लिहिलं, कारण तुम्ही गोड करू नको म्हणालात. बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही.

आपला,
प्रबुद्ध


ट्रॉम्बे, १८ जानेवारी

कृणाल,

मला आठवता कामा नये म्हणे. गुडघे गेलेत माझे, डोकं नाय.

प्रबुद्धचं पत्र आलं त्या दिवशी मी बाजारात गेले नाय. बर्फाच्या कारखान्यावर गेले. दत्ताराम तिथे तीस वर्षं काम करतो, त्याच्याकडूनच मी लाद्या घेते. त्याला विचारलं, खारं पाणी गरम असतं की थंड? तो हसला. मला आत घेऊन गेला. इतकी वर्षं मी दारातून बर्फ घेते, आत कधी पाय ठेवला नव्हता. आत मोठा हौद आहे, आणि त्यात लोखंडी डबे उभे, डब्यात गोडं पाणी. डब्याच्या बाहेर सगळीकडे मिठाचं पाणी फिरतं. दत्ताराम म्हणाला, मावशी, हे खारं पाणी बर्फापेक्षा थंड करता येतं आणि तरी पातळ राहतं, म्हणून तर त्याच्या जिवावर डब्यातल्या पाण्याची लादी होते. मी बोट लावायला गेले तर त्याने माझा हात धरला.

म्हणजे माझा सगळा बर्फ त्याच पाण्याने बनलेला. चाळीस वर्षं.

धक्क्यावर ऊब लागते ती मिठाची नाय, समुद्राची. आपला समुद्र कोमट आहे, एवढीच गोष्ट. माझ्या सासूने समुद्र बघून सांगितलं, मी मीठ ऐकलं. तिला मॉस्को माहीत नव्हतं. मला पण नाय, तरी मी सांगितलं, आणि वर विचारलं की ऊब नसती तर पाणी पातळ कसं राहील. उत्तर माहीत नसताना विचारलेला प्रश्न होता तो, मी तो उत्तर म्हणून पाठवला.

चूक माझी. हातमोज्याची नाय, तुझी नाय. हे मी एकदाच लिहिते. रडून काय बोट उगवत नाय, म्हणून तू पण रडायचं नाय आणि मला सांभाळायला खोटं लिहायला लावायचं नाय. तू मला वाचवायला निघालास तेव्हा मला बारा दिवस अंधारात ठेवलंस, त्याने कोणाचं काय भलं झालं?

भिकाजीला मी सगळं सांगितलं, स्टोअरकीपरचं पण. त्याने माकडटोपी काढली. मग विचारलं, अंगठा आहे ना? मी बोलले, आहे. तो बोलला, अंगठा असला की दोरी धरता येते. उठून जेट्टीवर गेला आणि स्वतःच सगळ्यांना सांगून आला. नाक्यावर कोणी काय बोललं नाय. तू उगाच घाबरत होतास. लोकांना स्वतःची कामं आहेत.

आता पुढचं. डॉक्टर थांबायला सांगतो तर थांब. कोणी म्हातारी, बाई, मुकादम, साधू काहीतरी लावायला सांगेल, लावू नकोस. माझं पण ऐकू नकोस. मी काय उपाय लिहिला तर आधी डॉक्टरला विचार. पट्टी कोरडी ठेव. काळं बोट बघायचं नसेल तर बघू नकोस, पण डॉक्टर बघत असेल तेव्हा तोंड फिरवू नकोस, नाहीतर तो काय करतो ते कळणार नाय.

यायचं की राहायचं ते तू ठरव. येशील तर घर आहे. राहशील तर टोपी घाल. "लोक काय बोलतील" हे कारण आता उरलं नाय, दुसरं कारण असेल तर ते लिही.

प्रबुद्धला सांग, बरोबर केलंस. त्याच्या आईला घाटकोपरला जाऊन भेटेन, पत्ता पाठव म्हणावं. पोरगा धड आहे एवढं तिला डोळ्याने बघितलेल्या कोणीतरी सांगायला पाहिजे, मी ऐकलेलं तरी सांगीन.

दिपाली हे पत्र फोटो काढताना वाचणार. दिपाली, नळ सोडून बसायचं बंद कर, टाकीत पाणी नसतं.

कृणाल, या पत्राचं उत्तर तू द्यायचं. डाव्या हाताने. वाकडं येईल, खाली उतरेल, एका पानावर तीन ओळी मावतील, मावू दे. मला वाचायला वेळ आहे. कागद हलू नये म्हणून प्रबुद्धने धरावा. पेन त्याने धरायचं नाय.

सोनूबाई